पहिला पाइप वरचा

मोह फुलला असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही, मोह पडला म्हणतात. फूल झाडावर आहे तोवर त्याच्याशी कोणाचं देणंघेणं नसतं. ते खाली आलं की हंगाम सुरू. परवा झरी जामणीकडची एक विद्यार्थिनी प्रात्यक्षिक परीक्षेला अर्धा तास उशिरा आली. कारण विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मोह पडून राह्यला." मी तिला मुकाट्याने संगणकासमोर बसवलं. परीक्षेच्या दिवसांत महाविद्यालयात जी कारणं ऐकू येतात, त्यांत इतकं खरं कारण क्वचितच असतं.

तिच्या ओढणीला वास होता. गोड, जड, जरासा आंबूस. बाहेरगावचे परीक्षक आले होते, त्यांनी नाक मुरडून खिडकी उघडायला सांगितली. त्यांच्यापुढे काजूची बशी होती, बाजूला शाल आणि नारळ होता, आणि ते एकेकाला विचारत होते, तीन मितींचा तक्ता म्हणजे काय? त्या मुलीने उत्तर दिलं, "गाठींची थप्पी, सर." परीक्षकांना ते कळलं नाही. मला कळलं, कारण शिकवलं मीच होतं.

जिनिंगच्या आवारात रचलेल्या कापसाच्या गाठी आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पाहिल्या नाहीत असा माणूस सापडायचा नाही. थप्पीतली एखादी गाठ नेमकी कोणती हे सांगायला तीन आकडे लागतात: कितवी रांग, रांगेतली कितवी गाठ आणि कितवा थर. संगणकातला तीन मितींचा तक्ता एवढाच असतो, फक्त प्रत्येक गाठीच्या जागी एक आकडा बसलेला. गंमत पुढे आहे. बाहेरून दर्शनी गाठी दिसतात, आतल्या दिसत नाहीत, म्हणून चित्र काढायचं. त्यासाठी पायथनमध्ये एक सोय आहे. प्रत्येक जागेला 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. 'हो' असेल तिथे ठोकळा उभा राहतो, 'नाही' असेल तिथे मोकळी हवा. हजारो आकड्यांच्या रखरखाटातून एकाएकी आकार वर येतो, आणि माउस धरून तो गोल फिरवता येतो. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी टाळी वाजवली होती. रिकाम्या प्रयोगशाळेत, एकटीनेच.

थप्पीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. हमाल पहिला थर जमिनीवर लावतो. संगणकही तसाच मोजतो, खालून वर. दोन वर्षांपूर्वीच्या मोहाच्या हंगामात ही गोष्ट मी विसरले, आणि त्यापायी एका विहिरीचा जीव जाणार होता.

मी संख्याशास्त्र शिकवते. आमच्या पुस्तकांतली आकडेवारी कुठल्यातरी परदेशी फुलांच्या पाकळ्यांची असते. विद्यार्थी त्या फुलांची सरासरी काढतात, आलेख काढतात, ते फूल जन्मात न पाहता पास होतात. वीस वर्षं त्या पाकळ्या मोजून माझा जीव उबगला होता. म्हणून ठरवलं, आकडे इथलेच घ्यायचे. आणि झरीकडच्या भागात इथलं म्हणून जे आहे, त्यात पाण्यातलं फ्लोराइड आहे. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, आधी दातांवर तपकिरी पट्टे उठतात, मग गुडघे आणि पाठ आखडत जाते.

या कामात मला रफिकभाई भेटले. हातपंप दुरुस्त करणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. मोटरसायकलला एका बाजूला पान्यांची पिशवी, दुसऱ्या बाजूला साखळी. ते पुढे आणि माझी स्कूटी मागे, असे आम्ही गावोगाव हिंडायचो. पहिल्याच दिवशी एका टपरीवर चहा घेताना ते म्हणाले, "मॅडम, ते तुमचं मशीन राहू द्या. मले दात दाखवा, पंप सांगतो."

समोर बसलेल्या माणसाने हसून दात दाखवले. पट्टेच पट्टे.

"हा शाळेजवळचा. पंधरा पाइप."

दुसऱ्याने ओठ वर केले. दात पांढरेशुभ्र.

"हा नाल्यापलीकडच्या पोडावरचा. विहिरीचं पानी पेते."

तिसरा म्हातारा बोळकं उघडून म्हणाला, "अन् माह्ये तं सारेच पडले रफिकभाई. मी कोन्त्या पंपाचा?"

"तू देशीच्या पंपाचा, बुढ्या. त्याले पाइप लागत नाई."

सगळी टपरी हसली. मीही हसले आणि वहीत काही लिहिलं नाही. किस्से वहीत लिहायचे नसतात, असं मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते.

पाइपाचं मात्र लिहून घेतलं. बोअर किती खोल, हे त्या भागात कोणत्याही कागदावर धड नव्हतं. रफिकभाईंच्या डोक्यात होतं. एक पाइप दहा फुटांचा, आणि कुठल्या पंपात किती पाइप आहेत हे त्यांना आपल्या नातवंडांच्या वयांपेक्षा पक्कं पाठ. ते दुरुस्तीवाले. पंप बिघडला की पाइप बाहेर काढतात. काढताना पहिला हाती येतो तो वरचा, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी चिखलाने माखलेला तळाचा. त्यांच्या हिशेबात एक म्हणजे वर आणि पंधरा म्हणजे पाताळ. मी त्यांचे आकडे जसेच्या तसे तक्त्यात भरले. पहिला पाइप, पहिला थर. इतकं सरळ काम करताना माणूस विचार करत नाही.

त्या दिवसांतल्या सकाळी अजून अंगाला चिकटून आहेत. उजाडायच्या आधी बायका टोपल्या घेऊन मोहाखाली गेलेल्या असायच्या, म्हणून विहिरीवर, पंपावर शुकशुकाट. झाडांखालचा पाचोळा जाळून जमीन काळी केलेली, आणि त्या काळ्यावर फिकट पिवळी, रसाने तट्ट फुगलेली फुलं. पायाखाली आलं की फच्च असा आवाज यायचा, आणि कुठूनतरी एखादी बाई ओरडायची. माझ्या पिशवीत धुतलेल्या बाटल्या किणकिणायच्या. प्रत्येक बाटलीवर फक्त क्रमांक. गावाचं नाही, माणसाचं नाही, कसलंच नाव नाही. तपासणाऱ्याचं मन कुठल्या बाजूला झुकू नये म्हणून असं करतात. पद्धत चांगली आहे. तिच्यात एकच खोट आहे, ती लेतूबाईने दाखवली.

लेतूबाई टेकाम कोलाम आदिवासींच्या पोडावर राहते. पोड म्हणजे गावापासून सुटी असलेली वस्ती. नाला ओलांडला की दहाबारा घरं आणि मधोमध तिची विहीर. तिची म्हणजे तिच्या सासऱ्याने आणि त्याच्या भावांनी खोदलेली. तीन पाइपांपेक्षा खोल नाही. काठाच्या दगडांना दोरांनी इतक्या खोल खाचा पाडल्या आहेत, की बोट घातलं तर पेराच्या वर जातं. मी बाटली काढली तेव्हा ती काठावर बसून होती.

"कायले पाह्यजे पानी?"

"तपासायला. चांगलं की वाईट ते कळेल."

"आमाले ठाव हाये. तुमाले नसन ठाव तं प्या." आणि तिने बादली वाकडी केली.

मी ओंजळीने प्यायले. गार होतं, आणि त्याला पानांचा अगदी पुसट वास होता. मग तिनेच सांगितलं की तिची थोरली बहीण नाल्याअलीकडच्या गावात दिलेली. तिचं सगळं आयुष्य शाळेजवळच्या पंपाच्या पाण्यावर गेलं. मान आता वर होत नाही.

"तिले आभाळ पाह्याचं असन तं झोपा लागते," लेतूबाई म्हणाली. सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. मी बाटलीवर सतरा नंबर टाकला आणि निघाले.

प्रयोगशाळेत परीक्षा सोपी असते. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. गुलाबी रंग राहिला तर पाणी बरं, पिवळा पडत गेला तर वाईट. पन्नासेक नळ्या रांगेने उभ्या होत्या, लग्नघरातल्या बांगड्यांसारख्या. आकडे तक्त्यात गेले. जिथे नमुना नव्हता तिथे आजूबाजूच्या जागांवरून अंदाज बांधला. मग प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारला: इथलं पाणी मर्यादेच्या पलीकडे आहे का? हो तिथे पिवळा ठोकळा. नाही तिथे मोकळं.

आकार उभा राहिला तेव्हा मी दुसऱ्यांदा टाळी वाजवली. गावाच्या डोक्यावर पिवळ्या ठोकळ्यांचं रुंद झाकण, खाली निमुळतं होत गेलेलं, आणि त्याच्याखाली सगळं स्वच्छ. याचा अर्थ एखाद्या लहान पोरालाही कळला असता: घाण वर आहे, खोल जा. चित्र फारच देखणं होतं. देखण्या गोष्टीची उलटतपासणी करावीशी वाटत नाही, हा माझा अनुभव फक्त चित्रांपुरता मर्यादित नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी सादरीकरण झालं. पुष्पगुच्छ, दीपप्रज्वलन, दीप पंख्याच्या वाऱ्याने तीनदा विझला. पाण्याच्या योजना पाहणारे एक साहेब पहिल्या रांगेत होते. मी चित्र पडद्यावर फिरवलं तसे ते पुढे सरकून बसले. "वा! अजून फिरवा मॅडम. अजून एकदा." मी सात वेळा फिरवलं. सभागृहात दीडशे माणसं होती, त्यांतल्या एकानेही वरची बाजू कोणती, हे विचारलं नाही. मीही नाही. फिरणाऱ्या वस्तूला वर-खाली असतं हे फिरवणाराच आधी विसरतो.

पोडावरची योजना आधीच मंजूर होती, तिला फक्त एक कारण हवं होतं. ते मी पुरवलं. बोअर मारायला एक दिवस लागतो. वीस पाइपांएवढा खोल मारला. टाकी काळ्या प्लास्टिकची, लोखंडी स्टँड तयार मिळतो. मोह अजून पडतच होता तोवर सगळं उभं राहिलं. मग साहेबांचा फोन आला. नव्या योजनेसोबत जुना स्रोत बंद केल्याचा फोटो जोडावा लागतो, म्हणजे विहीर बुजवायची. पण पोडावरच्या बायका ऐकेनात. "तुम्ही या जरा, लॅपटॉप घेऊन. विज्ञान समजावून सांगा. तुमच्या भाषेत सांगितलं की त्यांना पटेल."

माझी भाषा कोणती, हे साहेबांना कोणी सांगितलं कोण जाणे. पण मी गेले. कौतुकाची चटक लागलेलं माणूस कुठेही जातं. मी लेतूबाईच्या अंगणात, वाळत घातलेल्या मोहाच्या कडेला खाट टाकून बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तिला तिचीच विहीर सोडायला सांगू लागले. ती पडद्याकडे बघत राहिली. मी चित्र फिरवलं. ती प्रभावित झाली नाही.

"हे आमचं गाव होय?"

"गावाखालची जमीन. पिवळं ते वाईट पाणी."

"अन् माही विहीर कोठी हाये?"

मी बोट ठेवलं. तीन पाइप, म्हणजे तिसरा थर. बोट पडद्याच्या तळाशी गेलं.

"अन् शाळेचा पंप?"

पंधरा. बोट पार वर गेलं, पिवळ्या झाकणात.

लेतूबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. मग शेजारणीला कोलामीत काहीतरी म्हणाली, दोघी हसल्या. "बाई," ती मला म्हणाली, "माही विहीर पाताळात अन् बोअर आभाळात? तुमी गाव पालथं घालून राह्यल्या."

मी लॅपटॉप खाटेवर ठेवला. वही काढली. सतरा नंबर. समोर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: गुलाबी. शाळेचा पंप, नंबर चार: गर्द पिवळा. क्रमांकांच्या मागे कोणाची विहीर आहे हे मी पाहिलंच नव्हतं, आणि पाहायचं नाही ही तर पद्धतच होती. झाकण कुठेच नव्हतं. तो ढीग होता. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला, जमिनीत खोल बसलेला पिवळा ढीग, आणि नवा बोअर थेट त्याच्या पोटात उतरवलेला. हमालाच्या मोजणीत मी मिस्त्रीचे आकडे भरले होते. दुरुस्त करायला एक ओळ पुरली: उभा अक्ष उलटा कर. तिथेच खाटेवर ती लिहिली. चित्राने कोलांटी मारली.

"आता हाये बरोबर," लेतूबाई म्हणाली, जणू मी तिच्या सांगण्यावरून खाट सरळ केली.

नव्या बोअरची चाचणी चालू होती तेव्हा रफिकभाईंनी एक बाटली भरून आणून दिली. नळीत थेंब टाकले. हळदीचं पाणी. "मॅडम, म्या तं टपरीवरच सांगितलं होतं," ते म्हणाले. "पंधरा पाइप बोललो का नाई?" बोलले होते. पाइप मी लिहिले होते, दात लिहिले नव्हते.

साहेबांच्या दालनात पंखा होता, पाण्याचं यंत्र होतं, त्यावर बाटलीबंद पाण्याचा मोठा जार पालथा घातलेला.

"साहेब, चित्र उलटं आहे."

"फ्लेक्सवर सरळ घेतलंय मॅडम. मी स्वतः प्रूफ पाहिलं."

"छापलंय सरळ. पण मुळात उलटं आहे. वाईट पाणी खोल आहे. विहिरीचं चांगलं आहे."

"मागच्या वेळी तुम्ही उलट म्हणाला होतात."

"मी चुकले होते."

ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी काही अश्लील बोलले. त्यांच्या नस्तीत 'चुकले' या शब्दासाठी रकाना नव्हता. "मॅडम," ते अगदी मायेने म्हणाले, "बोअर झालाय. टाकी झालीय. पाहुण्यांची तारीख मिळालीय. विज्ञान आपण पुढच्या टप्प्यात सुधारू."

मी लेखी अर्ज दिला. त्याच्यावर आवकचा शिक्का बसला. आमच्याकडे पुष्कळ कागदांचा प्रवास त्या शिक्क्याशी संपतो. जिना उतरताना मला स्वतःचा राग आला होता, साहेबांचा त्याहून कमी. माणूस चुकतो, मीही चुकले. पण माझ्या चुकीला यांनी चौकट करून भिंतीवर लावलं, आणि ती खाली उतरवायला आता मलाच शिडी मिळत नव्हती. तेव्हाच ठरवलं. माझी चूक आहे ना, मग तिच्यावर मालकी माझी. ती कुठे टांगायची हे मी ठरवणार.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मंडप उभा होता. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, मागे रेशमी फिती. स्टेजच्या पाठीमागे भलामोठा फ्लेक्स: हात जोडलेले चार नेते, त्यांच्या शेजारी माझं चित्र, झाकण वर. विहिरीपासून शंभर पावलांवर मुरूम आणि विटांचे तुकडे भरलेली ट्रॉली उभी, ट्रॅक्टर चालू.

बायका मोह वेचून परत आल्या. घरी गेल्या नाहीत. लेतूबाईने आपली टोपली विहिरीच्या काठाशी ओतली आणि हाताने फुलं पसरवायला सुरुवात केली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. बघता बघता विहिरीभोवती, वाटेवर, ट्रॅक्टरच्या थेट पुढच्या चाकापर्यंत मोह वाळत पडला. त्या भागात वाळत घातलेल्या मोहावर कोणी पाय देत नाही. नियम कुठे लिहिलेला नाही, पण लहान मूलसुद्धा वळसा घालून जातं. हे फक्त बाहेरून आलेल्या साहेबांना माहीत नव्हतं.

"काय रे, थांबलास का? घे पुढे!"

ट्रॅक्टरवाला शेजारच्याच गावचा, गळ्यात टॉवेल टाकलेला बाप्या. त्याने इंजिन बंद केलं. "साहेब, मोह हाये."

"दिसतंय मला. बाजूला करायला सांग."

"तुमी सांगा. म्या मोहावरून चाक नाई नेणार. माही माय जिवंत हाये अजून."

साहेब लेतूबाईकडे वळले. "आजी, हे इथे कशाला वाळवताय? अंगण आहे ना तुम्हाला?"

"ऊन इथंच चांगलं पडते," लेतूबाई म्हणाली.

तेवढ्यात मंडपाकडे हशा झाला. रफिकभाई शिडीवर होते. खालून मी दोर सैल केला होता, वरून त्यांनी. फ्लेक्स गर्रकन फिरला आणि पालथा होऊन पुन्हा ताठ झाला. चारही नेते आता डोक्यावर उभे होते, हात जोडून, चेहऱ्यावर तेच हसू. त्यांच्या शेजारी माझं चित्र मात्र आयुष्यात पहिल्यांदा बरोबर दिसत होतं: पिवळा ढीग खाली, मोकळी जमीन वर. डावं-उजवं चुकलं, हे मला कळतं. पण तेवढ्याने कोणाची पाठ आखडत नाही.

"कोणी केलं हे?" साहेब ओरडले.

"मी," म्हणाले. माझ्या आवाजाला कंप होता, पण शब्द एकच होता, त्यामुळे निभावलं. रफिकभाई शिडीवरून म्हणाले, "अन् म्या बी. दोन मान्सं लागते साहेब, लय मोठा हाये."

प्रमुख पाहुणे आले तेव्हा फ्लेक्स सरळ करायला वेळ नव्हता. कार्यक्रमपत्रिकेत 'तंत्राची ओळख' यापुढे माझं नाव होतं, ते खोडायलाही वेळ मिळाला नाही. मी माइक घेतला. सांगितलं, हे चित्र मी काढलं, ते उलटं होतं, आता सरळ टांगलं आहे. मग टेबलावर दोन नळ्या ठेवल्या. एकीत नव्या नळाचं पाणी, दुसरीत विहिरीचं. थेंब टाकले. एक पिवळी, एक गुलाबी. भाषण एवढंच.

पाहुण्यांच्या हातात तोवर नव्या नळाच्या पाण्याचा पेला दिलेला होता. फोटोग्राफर सरसावले होते. पाहुण्यांनी पिवळ्या नळीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि पेला हळूच टेबलावर ठेवून आपल्या माणसाकडून बाटली मागून घेतली. त्या हंगामातलं सर्वांत अचूक शास्त्रीय विधान त्या खाली ठेवलेल्या पेल्याने केलं. मंडपातल्या प्रत्येक बाईने ते पाहिलं.

विहीर बुजली नाही. ट्रॉलीतला मुरूम येण्याच्या वाटेवरच्या खड्ड्यांत गेला, रस्ता तेवढा सुधारला. मला महाविद्यालयाकडून पत्र आलं, झाल्या प्रकाराचा खुलासा करावा. मी लिहिलं: 'उभा अक्ष उलटा होता. सुलटा केला.' खुलासा त्रोटक असल्याचा शेरा मारून कागद परत आला. मी तेच वाक्य पुन्हा लिहिलं, अक्षर मोठं काढलं. तेव्हापासून मला कुठल्या सादरीकरणाला बोलावत नाहीत. दिवे विझताना पाहायचे राहून जातात, बाकी काही बिघडलं नाही.

आता मी शिकवताना कोडच्या सगळ्यात वर एक ओळ लिहून घेते. संगणक ती वाचत नाही, ती माणसासाठी असते: 'पहिला पाइप वरचा.' आणि बाटल्यांवर क्रमांक घातला, तरी तपासणी संपल्यावर प्रत्येक क्रमांकापुढे नाव लिहायला लावते. कोणाची विहीर, कोणाचा पंप. मुलं कंटाळतात. परवाच्या परीक्षेत त्या उशिरा आलेल्या मुलीने ती ओळ लिहिली होती. परीक्षकांनी विचारलं, याची काय गरज? ती म्हणाली, "नसली तं गाव पालथं होते, सर." मी तिला पूर्ण गुण दिले. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काजू घेतला.

रविवारी मी पोडावर गेले. काळी टाकी आहे तिथेच आहे, तोटीवर लेतूबाईने गेरूने मारलेली फुली उन्हापावसात पुसट झाली की ती पुन्हा मारते. नाल्याअलीकडच्या गावातल्या बायका, ज्या कधी पोडावर पाणीसुद्धा मागत नव्हत्या, त्या आता हंडे घेऊन विहिरीवर येतात. लेतूबाई काठावर बसून सांगते, "रांग लावा. अन् दोर आपला आना." तिच्या बहिणीचा हंडा मात्र रांगेत नसतो, तो ती स्वतः भरून पोचवते. बहिणीची मान वर झालेली नाही, होणारही नाही. हे मी कोणाला खोटं सांगत नाही. तिच्या नातवंडांचे दात मी पाहिले, दुधाचे पडून नवे येताहेत, अजून तरी पांढरे.

मोठ्या मोहाखाली एक फ्लेक्स अंथरलेला होता. ओळखायला वेळ लागला. फुलं त्याच्यावर टपटपत होती, चार नेत्यांच्या कपाळांवर, जोडलेल्या हातांवर, माझ्या पिवळ्या ठोकळ्यांवर. "चांगला हाये," लेतूबाई म्हणाली. "माती लागत नाई मोहाले."

माझ्या पिशवीत त्या दिवशी एक कागद होता. माहितीसाठी म्हणून त्याची प्रत मला पाठवलेली. नवे साहेब, नवा टप्पा, तेच वाक्य: वापरात नसलेले जुने स्रोत बंद करण्याबाबत. यादीत पोडावरची विहीर होती. मी तिला वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली, हात फुलांत फिरतच होते. मग तिने टोपली उचलली आणि अंगण ओलांडून विहिरीकडे गेली. तिथे काठाभोवती मोह आधीच पसरलेला होता. कालचा, परवाचा, सुकून तांबूस होत आलेला.

"अंगण रिकामं आहे. इथे कशाला?" मी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"कोन जाने, येईन ट्रॉली." ती वाकली आणि टोपली ओतली. "आली तं मोह हाये."

पूर्वेकडे, वाटेच्या तोंडाशी, हातभर जागा मोकळी राहिली होती. एका चाकाला तेवढी पुरली असती. मी चपला काढल्या, ओंजळभर फुलं घेतली, आणि ती जागा बुजवली.